तिसरं बटण

पुढे सत्तावीस

उत्तमसिंगच्या पुढे रांगेत सत्तावीस माणसं होती आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक हळकुंड होतं.

माणसं त्यानं मोजली नव्हती. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला मोजावं लागत नाही. दारातून एक नजर टाकली की बसलेले किती, उभे किती, हे आपोआप डोक्यात उमटतं. वसमत आगारातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण नजर निवृत्त झाली नाही. लग्नात, मयतीत, जिथं जाईल तिथं ती आपली माणसं मोजत असते.

हळकुंड एकच होतं. तरी सकाळपासून त्यानं ते चार वेळा चाचपून पाहिलं होतं.

माळतांड्याच्या शाळेपुढं चैत्राचं ऊन पसरलं होतं. शाळेच्या भिंतीला लागूनच तांड्याचा मुखिया, नायक भीमसिंग, याचा हळद पॉलिशचा ढोल. शिजवून वाळवलेली हळद त्यात टाकायची, ट्रॅक्टर सुरू करायचा, ढोल गरगर फिरतो, हळकुंडांची सालं निघतात आणि पिवळी धूळ उडते. ती धूळ शाळेच्या कौलांवर, खिडक्यांच्या गजांवर, वर्गातल्या पंख्याच्या पात्यांवर. फळ्यावर खडूनं पांढरं लिहिलं तरी दुपारपर्यंत ते पिवळं दिसायचं. आज मतदान, म्हणून ढोल बंद. पण महिनाभर त्या घरघरीत बोलून बोलून लोकांना सवय लागलेली, त्यामुळे रांगेतले सगळे एकमेकांशी अजून ओरडूनच बोलत होते.

"कंडक्टर, पुढं सरका की! गाडी खाली हाय पुढं!" मागून वसराम ओरडला.

"ढकलू नको वसराम. पुढचं दार बंद हाय."

"मग घंटी मारा!"

दोघं-चौघं हसले. वसराम हा असा माणूस, की तो रांगेत उभा असला म्हणजे रांगेला कंटाळा येत नाही. उत्तमसिंगला आज त्याचा फार कंटाळा आला होता.

"आन मराठीत बोला रे समदे," वसराम म्हणाला. "आपल्या बोलीत बोललं तर आतल्या साहेबाला वाटंल, तांड्याचं कायतरी शिजून राहिलं."

"शिजलंच हाय की," कुणीतरी म्हणालं.

यावर मात्र कुणी हसलं नाही.

पुढे बावीस

काय शिजलं होतं, ते सांगतो.

माळतांडा इतकी वर्षं खालच्या गावाच्या शेपटीला बांधलेला होता. तांड्याला स्वतःची ग्रामपंचायत मिळावी म्हणून भीमसिंगनं हिंगोलीला खेटे घातले, मुंबईला दोनदा जाऊन आला, आणि गेल्या साली ती मिळाली. ही पहिली निवडणूक. सरपंचपद बाईसाठी राखीव निघालं. भीमसिंगनं सुनेचा, कोमलचा, अर्ज भरला. फलकावर वर भीमसिंगचा फोटो हातभर आणि खाली कोपऱ्यात कोमलचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. तांड्याच्या पंचायतीनं, म्हणजे नसाबनं, ठरवलं की सरपंच बिनविरोध करायचा. सदस्यांच्या जागांवर पोरं भांडून राहिलीत तर भांडू द्या.

मग आणखी एक अर्ज आला. नीता विकास. उत्तमसिंगची सून.

नीताची लेक दुसरीत. रोज शाळेतून आली की नाक पुसायची आणि रुमाल पिवळा व्हायचा. रात्री खोकायची. नीतानं मास्तरांना सांगितलं, मास्तरांनी हात जोडले. नायकाच्या घरी जाऊन बायकांना सांगितलं, बायकांनी चहा पाजला. ढोल माळावर न्या, एवढंच तिचं म्हणणं. शेवटी तिनं वसमतला जाऊन अर्ज भरला. मागं घ्यायच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत नायकाची जीप दारात उभी होती. नीता बाहेर आली नाही.

त्या रात्री नसाब बसला. सेवालालच्या देवळात थाळी आली, थाळीत हळकुंडं.

ही तांड्याची जुनी रीत. शब्द द्यायचा असला की घरातल्या कर्त्यानं थाळीतून हळकुंड उचलायचं, काम झालं की तेच परत आणून ठेवायचं. ठेवताना देवाकडं बघायचं. शब्द मोडलेला माणूस हळकुंड ठेवत नाही. ठेवलं तर त्याच्या घरात हळद लागत नाही, म्हणजे लग्न होत नाही, असं म्हातारे सांगतात. एकशेदहा घरं, एकशेदहा हळकुंडं. सरपंचाचं मत कोमलला, छत्रीला. कपबशीला, म्हणजे नीताला, तांड्यातून एकही नाही.

भीमसिंग म्हणाला होता, "तिचं सवताचं एक पडंल. पडू द्या. लेकरू हाय. दुसरं पडलं, तर कुणाचं हे इचाराया जोतिषाकडं जायची गरज न्हाई."

बोलताना त्यानं उत्तमसिंगकडं पाहिलं नव्हतं. बाकी सगळ्यांनी पाहिलं होतं.

आणि उत्तमसिंगनं उचललं. उठला, गेला, उचललं, परत येऊन बसला. तिकीट फाडायला लागतो त्याहून जास्त वेळ लागला नाही.

पुढे एकोणीस

शिरड शहापूर. चला, उतरा, उतरा.

सगळे सारखेच हो. हा काय न तो काय.

आमच्या वेळी पुढारी सायकलीवर यायचा, दारात बसून ताक प्यायचा.

मागच्या बारीला मी दिलं त्याला. आता इचारा, नाव तरी आठवतं का त्याला आमच्या गावाचं?

मास्तर, तुमीच सांगा, देशाचं काय होणार?

अहो, देशाचं सोडा, ही गाडी औंढ्याला किती वाजता पोचणार?

एकतीस वर्षं. गर्दीच्या गाडीत, एका हातानं वरचा दांडा धरून, उत्तमसिंगनं हे ऐकलं. आणि नुसतं ऐकलं नाही, बोललाही. त्याला सगळं कळायचं. दिल्लीत कोण कुणाला पाडणार, कुठला कायदा का आला, दूरदेशी लढाई लागली तर डिझेल का वाढतं, माणूस मत जातीला का देतो आणि मग पाच वर्षं पाण्यासाठी का रडतो. त्याचं एक वाक्य त्या मार्गावर ठरलेलं होतं: "मत म्हंजे तिकीट न्हवं, की घेतलं आन झोपलं. मत म्हंजे घंटी. घंटी आपल्या हातात हाय तवर डायवर आपला." प्रवासी माना डोलवायचे. एका वकिलानं तर टाळी दिली होती.

निवृत्तीनंतर हेच तो मोबाइलवर लिहायला लागला. लांब लांब. सकाळी सहाला.

आता इथं रांगेत, खिशावर हात ठेवून, त्याच्या मनात एक हिशेब सुरू झाला आणि तो थांबेना. लोकसभेची मतदानं किती केली, विधानसभेची किती, जिल्हा परिषद, पंचायत समिती. तीसेक तरी झाली असतील. प्रत्येक वेळी नसाब बसला. प्रत्येक वेळी नाव आलं. प्रत्येक वेळी त्यानं ते दाबलं, आणि आधी शिक्का होता तेव्हा शिक्का मारला.

तीस वेळा. एकदाही स्वतःचं नाही.

घंटी कधी त्याच्या हातात नव्हतीच. तो नुसता दांडा धरून उभा होता.

हे त्याला आज, पासष्टाव्या वर्षी, उन्हात कळलं, आणि त्याला कुणाला तरी एक सणसणीत शिवी द्यावीशी वाटली. कुणाला, ते ठरेना.

पुढे बारा

बायकांची रांग लवकर सरत होती. रुख्मिणीबाई बाहेर आली. डाव्या हाताच्या बोटावरची शाई वाळावी म्हणून बोट वर धरून ती थेट नवऱ्याजवळ आली.

"दिलं?" त्यानं विचारलं.

"मग काय परत आणलं?"

"कुणाला?"

"तुमी गाडीत लोकाला असं इचारत होता का?" ती म्हणाली. "इचारलं असतं तर मारला असता एकेकानं."

"हळू बोल."

"मी हळूच बोलून राहिले. तुमाला मोठं ऐकू येऊन राहिलं."

त्यानं आवाज आणखी खाली आणला. "हळकुंड उचललंय घरानं."

"घरानं न्हाई. तुमी. मी देवळाच्या बाहेर बसले होते, चपला राखत." तिनं पदर डोक्यावर पुढं ओढला. "विकासचा बा, एक सांगू? कोमलची सासू आली मत मागाया. भीमसिंग आला. वसराम आला, त्याला तर उमेदवार कोण हेबी बराबर ठाव नव्हतं. समदे आले. तुमच्या दारात मत मागाया कोण न्हाई आलं?"

त्याचा हात खिशावर गेला.

"ती कशी येईल? तुमच्याशी बोलते का ती?"

तांड्यातली सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत नाही. बारा वर्षं नीता त्या घरात होती आणि बारा वर्षांत तिनं उत्तमसिंगला उद्देशून एक वाक्य म्हटलं नव्हतं. जे सांगायचं ते लेकीला सांगायची. 'आज्याला म्हण, जेवण वाढलंय.' 'आज्याला म्हण, गोळी घेतली का.' लेक झोपली असली तर भिंतीला सांगायची. अर्ज भरला त्या दिवशीही भिंतीलाच सांगितलं होतं.

सकाळपासून शंभर मीटरच्या पांढऱ्या रेघेबाहेर ती उभी होती. लिंबाखाली, डोक्यावरून पदर घेऊन, एकटी. येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होती. उत्तमसिंग आला तसा तिनं रीतीप्रमाणं चेहरा वळवला आणि झाडाकडं तोंड करून उभी राहिली. जोडलेले हात तसेच होते. झाडापुढं.

"आन विकास?" त्यानं विचारलं.

"तुमचा लेक वारंगा फाट्यावर पंक्चर काढून राहिला. आज यायचा न्हाई म्हणे. बापानं हळकुंड उचललं आन बायकोनं अर्ज भरला, आता मी कुणाच्या अंगावर जाऊ म्हणे." रुख्मिणीबाईनं वाळलेलं बोट पाहिलं. "त्यानं गाडी सोडून दिली. तुमची सुटायची हाय."

ती गेली. मागून वसराम म्हणाला, "काय म्हणते वहिनी?"

"भाजी काय करू म्हणते."

"हळदीची करा म्हणावं!" वसरामनं कनवटीचा रुमाल सोडला आणि आतलं हळकुंड सगळ्या रांगेला दाखवलं. "हे बघा. माझं तर रात्रीपासून कमरंला. शब्द म्हंजे शब्द. झालं की पळत जाऊन थाळीत टाकतो, मग जेवाया मोकळा."

पुढे पाच

साप.

भीमसिंगचा विचार करायचा म्हटलं की साप यायचाच.

विकास नऊ वर्षांचा होता. हळदीच्या रानात, सरीत उतरला आणि घोट्याला साप चावला. उत्तमसिंग ड्युटीवर, गाडी औंढ्याकडं. भीमसिंगनं पोराला मोटरसायकलवर पुढं घेतलं, पटक्यानं त्याला स्वतःशी बांधलं आणि नांदेड गाठलं. सत्तर किलोमीटर. वाटेत पोरगं झोपायला लागलं की तो त्याच्या कानात ओरडायचा. दुसऱ्या दिवशी उत्तमसिंग दवाखान्यात पोचला तेव्हा पोरगं चहात बिस्कीट बुडवत होतं आणि भीमसिंगला घशातून आवाज काढता येत नव्हता.

त्यानंतर पंचवीस वर्षांत भीमसिंगनं त्या गोष्टीचा एकदाही उच्चार केला नाही. हेच वाईट होतं. बोलून दाखवलं असतं तर उत्तमसिंगला भांडता आलं असतं.

अशा माणसाच्या थाळीतलं हळकुंड. आणि झाडापुढं जोडलेले ते हात.

पण उत्तमसिंग पेपर वाचणारा माणूस. त्यानं रात्रभर कूस बदलत एक वाट काढली होती, आणि ती वाट त्याला इतकी पसंत पडली होती की पहाटे तो थोडा झोपलासुद्धा. आत तीन मतं द्यायची. दोन सदस्यांची, एक सरपंचाचं. सदस्यांची दोन द्यायची. सरपंचाचं द्यायचंच नाही. छत्री नाही, कपबशी नाही. कोरं सोडून बाहेर यायचं. कपबशीला दिलं नाही, म्हणजे शब्द मोडला नाही. छत्रीला दिलं नाही, म्हणजे घरात तोंड दाखवता येईल. पुठ्ठ्याच्या आड कोण बघतंय?

विधानसभेला त्यानं अख्ख्या तांड्याला यंत्र समजावून सांगितलं होतं. बटण दाबा, लाल दिवा, पीं. संपलं. यंत्राचं त्याला शिकवायचं कुणी राहिलं नव्हतं.

पुढे चार. तीन.

दारातला शिपाई म्हणाला, "मोबाइल न्हाई ना काका?"

"घरी ठेवला."

"खिशात काय हाय?"

"हळकुंड."

शिपाई बाहेरचा, सेनगावकडचा. त्यानं जरा वेळ उत्तमसिंगच्या तोंडाकडं पाहिलं. "जा," म्हणाला.

आत

वर्गात पंखा फिरत नव्हता. सुरू केला की वरची पिवळी धूळ यादीवर पडते म्हणून केंद्राध्यक्षांनी बंद करायला लावला होता. ते शर्टाचं वरचं बटण सोडून वर्तमानपत्रानं वारा घेत होते. टेबलांच्या मागं दोन बाया आणि एक पुरुष, सगळे मास्तर-मास्तरणी. खिडकीशी बाकावर नायकाचा एजंट, तांड्याचा कारभारी मोहनसिंग. त्याच्या शेजारची जागा नीताच्या एजंटची. ती रिकामी होती.

नाव वाचलं गेलं. मोहनसिंगनं आपल्या यादीवर रेघ मारली. शाई लागली. थंड.

"जा काका. तीन बटणं दाबायची."

पुठ्ठ्याच्या आड यंत्र. तीन रंगांचे तीन कागद, नावं, चिन्हं. उत्तमसिंगनं पहिल्या सदस्याचं बटण दाबलं. दिवा लागला. दुसऱ्याचं दाबलं. दिवा लागला. तिसऱ्या कागदाकडं त्यानं पाहिलं. वर छत्री, खाली कपबशी, त्याखाली 'वरीलपैकी कोणीही नाही'. त्यानं हात मागं घेतला, सदरा नीट केला आणि पुठ्ठ्याबाहेर आला.

"काका," टेबलामागची बाई म्हणाली. "आवाज नाही आला."

"कशाचा?"

"यंत्राचा. तिन्ही मतं झाल्याशिवाय ते वाजत नाही. एक राहिलं तुमचं."

विधानसभेचं यंत्र एका बटणाला वाजतं. हे तिसऱ्यापर्यंत गप्प बसतं. अख्ख्या तांड्याला यंत्र शिकवणाऱ्या माणसाला एवढंच ठाऊक नव्हतं.

वर्गात कुणी बोलेना. ढोल चालू असता तर हे गप्प बसणं कुणाच्या लक्षात आलं नसतं. मोहनसिंगची पेन्सिल थांबली. दारात उभ्या वसरामची मान आत आली.

"न्हाई दिलं तर?" उत्तमसिंग म्हणाला. म्हणायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"द्यावंच लागेल काका. तुम्ही दिल्याशिवाय पुढच्याला सोडता येत नाही." बाईचा आवाज मऊ होता, पण वर्ग लहान होता. "कुणीच नको असेल तर सगळ्यात खालचं बटण दाबा. पण कायतरी एक दाबा."

मोहनसिंग खोकला. खिडकीबाहेर कुणीतरी उभं होतं. त्या खोकल्यासरशी तिथली सावली हलली आणि देवळाच्या दिशेनं निघाली.

म्हणजे झालंच. आता तो छत्री दाबो, खालचं दाबो, कपबशी दाबो. तांड्याला कळलं की उत्तमसिंग पुठ्ठ्याआड अडला. कोमलला द्यायला कुणी अडत नाही.

तो परत आत गेला.

लोकं बाहेर खोळंबली होती. ही भावना त्याला ओळखीची होती. गाडी थांब्यावर उभी, इंजिन चालू, ड्रायव्हर आरशातून बघतोय, चढणारे चढलेत, उतरणारे उतरलेत, आणि दोरीला हात लागल्याशिवाय चाक हलत नाही. तेव्हा कंडक्टरला इकडं-तिकडं बघून चालत नाही. मागं कुणी साहेब नसतो विचारायला.

त्यानं खिशातलं हळकुंड काढलं. का काढलं, हे त्याला नंतरही सांगता आलं नाही. डाव्या मुठीत घट्ट धरलं. शिजवलेलं, वाळवलेलं, ढोलात घासून गुळगुळीत केलेलं. हे त्याच ढोलातलं. याच्यावरून निघालेली धूळ पुठ्ठ्यावर होती, यंत्राच्या कडेला होती, त्याच्या नातीच्या रुमालात होती. दिसायला सोन्यासारखं, रानात पुरलं तर याला कोंब येत नाही.

भीमसिंगनं पोरगं वाचवलं होतं. ते पोरगं माझं. उपकार माझ्यावर. मी फेडीन, नाही फिटला तर डोक्यावर घेऊन मरेन. पण नीतानं तो काय म्हणून फेडायचा? नातीनं काय म्हणून खोकायचं?

एवढा सरळ विचार त्याला एकतीस वर्षांच्या गाडीतल्या गप्पांत कधी सुचला नव्हता. त्या गप्पांत देश होता. यात फक्त चार माणसं होती.

त्यानं कपबशीपुढचं बटण दाबलं.

यंत्र वाजलं. लांब, कर्कश, वर्गाबाहेरपर्यंत. बाई म्हणाली, "झालं. पुढचे या."

मोहनसिंगनं त्याच्याकडं पाहिलं. उत्तमसिंगनंही पाहिलं. दोघंही काही बोलले नाहीत, कारण केंद्रात बोलायची मनाई असते.

बाहेर

शाळेपासून देवळापर्यंत दोनशे-सव्वादोनशे पावलं. मागं फिरून घराकडं जाता आलं असतं. पाय देवळाकडंच गेले.

सेवालालच्या ओट्यावर पांढरा झेंडा, त्याखाली सतरंजीवर भीमसिंग. पुढं पितळी थाळी. एकटाच होता. सावलीला आणखी माणसं असायला हवी होती, पण नव्हती.

"बस," भीमसिंग म्हणाला.

उत्तमसिंग बसला नाही. त्याची नजर थाळीवर गेली होती आणि नजरेनं आपलं काम केलं होतं.

एकवीस. फार तर बावीस.

दुपारचे दोन वाजलेले. तांडा निम्म्याहून जास्त उरकला होता. साठ-सत्तर घरांची माणसं शाई लावून गेली होती. थाळीत ढीग असायला हवा होता. तळाचं पितळ दिसत होतं.

भीमसिंगनं त्याची नजर पाहिली. "लोकं इसरून राहिलीत," तो म्हणाला. आवाज बसका होता. नांदेडच्या त्या दिवसानंतर होता तसा. "एक म्हणतो घरी राहिलं. एक म्हणतो लेकरानं खेळाया नेलं. एकाचं तर म्हणे बायकोनं वरणात टाकलं. संध्याकाळी आणून देतो म्हणतात."

"आणतील," उत्तमसिंग म्हणाला.

"तुला वाटतं?"



भीमसिंगनं पटका काढून मांडीवर ठेवला. डोक्याचे सगळे केस पांढरे. कधी झाले? "मोहनसिंगाचा निरोप आला मला," तो म्हणाला. "यंत्र वाजलं न्हाई म्हणे तुझ्या बारीला. मग वाजलं म्हणे. उत्तम, मी काय इचारत न्हाई. तूबी म्हण, घरी राहिलं. मी मानून घेतो. बाकीच्याचं मानलं, तुझं काहून न्हाई मानायचं? म्हण आन जा घरी. जेव."

हा माणूस नेहमी असाच. मोठं काही द्यायचं आणि देताना घेणाऱ्याला लहान करून ठेवायचं, आणि हे त्याला कळतही नसेल. उत्तमसिंगच्या तोंडात वाक्य आलं होतं. घरी राहिलं. दोन शब्द. ते म्हटलं की उद्या पाणवठ्यावर राम राम, परवा लग्नाचं बोलावणं, आणि मतपेटीत काय निघालं ते निघालं. सगळा तांडा हेच म्हणून गेला होता. सगळ्यांनी एका मतानं.

पुन्हा एकदा सगळ्यांसारखं.

त्यानं डावी मूठ उघडली. हळकुंड घामानं ओलं झालं होतं आणि तळवा पिवळा.

"घरी न्हाई राहिलं, नायक. हे बघ. बराबर आणलंय."

भीमसिंगनं थाळी जराशी पुढं सरकवली.

"पण ठेवत न्हाई," उत्तमसिंग म्हणाला.

दूर शाळेच्या खोलीत यंत्र वाजलं. कुणाचं तरी झालं.

"साप चावला तवा," भीमसिंग म्हणाला आणि तिथंच थांबला. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. त्याचं त्यालाच ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण त्यानं मान फिरवली आणि झेंड्याकडं बघत राहिला.

"ते हाय," उत्तमसिंग म्हणाला. "ते मरेपर्यंत हाय. तुझ्यासाठी मला नांदेडला काय, कुठंबी पळव. पण ढोल माळावर ने, भीमसिंग."

"हे तू आधी म्हणायचं होतं. नसाबात."

"व्हय. म्हणायचं होतं."

"तिथं उचललंस."

"उचललं. ते चुकलं. आता मोडलं ते देवादेखत सांगून राहिलो. काय दंड करायचा तो कर."

भीमसिंग उत्तर देणार होता. दंड सांगणार होता, का शिवी देणार होता, का आणखी काही; ते कळायचं राहिलं. कारण शाळेकडून वसराम येत होता. बोटाची शाई वर धरून, मोठ्यानं बोलत, लांबूनच.

"राम राम नायक! झालं बगा आपलं. छत्रीशिवाय दुसरीकडं बोट गेलं न्हाई!" ओट्यापाशी येऊन त्यानं कंबर चाचपली, सदऱ्याचे खिसे चाचपले, कपाळावर हात मारला. "अन् बगा, हळकुंड तेवढं घरी राहिलं. सकाळी गडबडीत. संध्याकाळी पळत आणतो."

कनवटीचा रुमाल त्याच्या कमरेला फुगलेला दिसत होता.

मग त्याला उत्तमसिंगचा उघडा तळहात दिसला. त्यावरचं हळकुंड दिसलं. समोरची थाळी दिसली. तो भीमसिंगकडं बघायला लागला, भीमसिंग त्याच्या कमरेकडं बघत होता.

"संध्याकाळी..." वसराम म्हणाला.

त्याचा हात कनवटीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. रुमाल सुटला नाही. हातही सुटला नाही.

उत्तमसिंगनं मूठ मिटली आणि तो नीता उभी असलेल्या लिंबाच्या दिशेनं चालू लागला.